विधी, अर्थवाद आणि फासा : ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ या युद्धखेळाचा वाङ्मयीन विचार

१

खेळाचे नियम सांगणारे पुस्तक वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकते काय, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर बहुधा नकारार्थीच मिळेल. नियमग्रंथाचे प्रयोजन व्यावहारिक असते. त्याची भाषा आज्ञार्थी व विध्यर्थी असते. आणि ज्याला खेळावयाचे नाही त्याने तो वाचावा असे त्यात काही नसते. तथापि गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य देशांत नियमग्रंथांचा असा एक वर्ग निर्माण झाला आहे, की ज्याला केवळ व्यावहारिक म्हणून बाजूस सारणे कठीण आहे. हे ग्रंथ एक काल्पनिक भूमी वर्णितात, तिचा इतिहास सांगतात, तिच्यात वावरणारी पात्रे पुरवितात आणि मग कथा सांगण्याचे काम वाचकाच्या स्वाधीन करून थांबतात. कथेचे सर्व साहित्य देऊन कथा मात्र न देणारे पुस्तक हा एक विलक्षण वाङ्मयप्रकार होय, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रस्तुत विवेचनासाठी निवडलेला ग्रंथ म्हणजे जोसेफ मॅककलो यांचा ‘फ्रॉस्टग्रेव्ह’. इंग्लंडमधील ऑस्प्रे या प्रकाशनसंस्थेने तो २०१५ साली प्रसिद्ध केला आणि २०२० साली त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. फेलस्टॅड नावाचे एक प्राचीन वैभवशाली नगर मांत्रिकांच्या एका अनर्थामुळे बर्फाखाली गाडले गेले. हजार वर्षांनी ते बर्फ वितळू लागले आहे. आणि त्या भग्न नगरातील मंत्रग्रंथ व धन लुटण्यासाठी मांत्रिक आपापल्या टोळ्या घेऊन तेथे शिरत आहेत, ही त्याची पार्श्वभूमी. प्रत्येक खेळाडूकडे एक मांत्रिक, त्याचा एक शिष्य व फार तर आठ सैनिक, म्हणजे अधिकात अधिक दहा लघुमूर्ती असतात. मंत्रविद्येच्या दहा शाखा आणि प्रत्येक शाखेचे आठ मंत्र, असे एकूण ऐंशी मंत्र ग्रंथात दिले आहेत. तीन फूट लांब-रुंद पाट, इंच मोजण्याची पट्टी आणि वीस पैलूंचा फासा एवढ्या सामग्रीवर हा खेळ चालतो. मूर्ती अमक्याच कारखान्याच्या असाव्यात असे बंधन नाही. सुमारे २८ मिलिमीटर उंचीची कोणतीही मूर्ती चालते. म्हणूनच तो घरच्या घरी करून पाहण्याजोगा आहे, आणि त्याची खरी परीक्षाही घरीच होते.

२

या खेळाची कुळकथा थोडक्यात सांगावयास हवी. पाटावर दोन सैन्ये समोरासमोर मांडण्याची कल्पना चतुरंगाची, म्हणजे भारतीयच. बुद्धिबळाच्या रूपाने ती युरोपात रुजल्यावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रन्सविक येथील हेलविग याने १७८० साली तिच्यात नद्या, डोंगर व गावे आणली. प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी चौकटी सोडून नकाशा स्वीकारला. पुत्राने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत फासा व पंच या दोहोंस स्थान मिळाले आणि खेळ लष्करी शिक्षणाचे साधन झाला. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने त्याला पुन्हा घरात आणले. वेल्स यांच्या खेळात फासा नव्हता. स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेने शत्रूचे शिसाचे सैनिक खरोखरच पाडावयाचे असत. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटूचे युद्ध कितीतरी बरे, असा त्या पुस्तकाचा रोख होता. आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. १९७१ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व जेफ पेरन यांच्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धनियमांना अद्भुत प्राण्यांची व मंत्रांची एक पुरवणी जोडली गेली. इंग्लंडमध्ये १९८३ साली ‘वॉरहॅमर’ आला, आणि त्याच परंपरेत १९९९ साली ‘मॉर्डहाइम’ या भग्न नगरातील टोळीयुद्धाचा खेळ निघाला. ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ हा आशयाच्या दृष्टीने या शेवटच्या खेळाचा धाकटा भाऊ शोभतो.

या परंपरेत हळूहळू घडलेला एक पालट महत्त्वाचा आहे. बुद्धिबळातील प्याद्याला चेहरा नसतो. ते नाहीसे झाले तर स्थान रिकामे होते, माणूस मरत नाही. लघुमूर्तीला मात्र चेहरा असतो. तिच्या अंगरख्याचा रंग कोणीतरी हाताने भरलेला असतो. सोंगटीची मूर्ती झाली त्या क्षणी खेळाच्या गणितात एक अशी वस्तू आली, की जिचा हिशेब गणिताला पूर्णपणे करता येत नाही. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या गोष्टीत आहे.

३

अशा ग्रंथाच्या परीक्षणासाठी कादंबरीची किंवा नाटकाची मोजमापे लावणे फारसे फलदायी होणार नाही. त्याऐवजी पूर्वमीमांसेतील एक जुना भेद येथे अधिक उपयोगी पडतो. मीमांसकांनी वेदवाक्यांचे विवेचन करताना विधी आणि अर्थवाद असे दोन प्रकार वेगळे केले. अमुक करावे असे जे सांगते ते विधिवाक्य. त्या कर्माची स्तुती करणारे, त्याची कथा सांगणारे ते अर्थवादवाक्य. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाही. विधीशी त्याची एकवाक्यता झाली तरच तो सार्थ ठरतो. नियमग्रंथाची रचना नेमकी अशीच असते. ‘ओझे घेतलेल्या सैनिकाने निम्म्या वेगाने चालावे’ हा विधी. ‘नगर हजार वर्षे बर्फाखाली होते’ हा अर्थवाद. तेव्हा अशा ग्रंथाची कलात्मक कसोटी एका प्रश्नात मांडता येईल : त्यातील अर्थवादाची विधीशी एकवाक्यता झाली आहे काय? जी कथा तो सांगतो ती त्याच्या नियमांतून खेळाडूच्या अनुभवास येते काय?

‘फ्रॉस्टग्रेव्ह’मध्ये ही एकवाक्यता काही ठिकाणी फार चांगली साधली आहे. मंत्रविद्या धोक्याची आहे, असे ग्रंथ सांगतो. आणि नियमही तेच सांगतात. मंत्र म्हणताना फासा टाकावयाचा व ठरलेली संख्या गाठावयाची. ती गाठता आली नाही तर मंत्र फुकट जातो; अपयश मोठे असेल तर खुद्द मांत्रिकालाच इजा होते. याहून सूक्ष्म नियम पुढेच आहे. फासा पडल्यानंतरही मांत्रिकाला आपल्या आरोग्याचे गुण खर्च करून उणीव भरून काढता येते. जितके गुण कमी पडले असतील तितके रक्त त्याने द्यावे. चौदा गुणांच्या आरोग्याने आरंभ करणाऱ्या मांत्रिकाला चार गुणांची उणीव भरावयाची की मंत्र सोडून द्यावयाचा, हा निर्णय पाटावर बसलेल्या माणसाला खरोखर क्षणभर थांबवितो. हव्यासाची किंमत शरीराने द्यावी लागते, हे येथे कोणी सांगत नाही, ते घडते. खजिना उचलणाऱ्याचा वेग निम्मा होतो, हा नियमही त्याच कोटीतला. लोभ येथे उपदेशाचा विषय न राहता पायांतील जडपणा होतो.

परंतु सर्वत्र असे झालेले नाही. ज्या थंडीने नगराला त्याचे नाव दिले ती थंडी सर्वसाधारण नियमांत कोठेच नाही. बर्फाळ रात्री कोणाचे आरोग्य घटत नाही, बोटे आखडून धनुर्धाऱ्याचा नेम चुकत नाही. अवघड भूमीवरून चालताना वेग कमी होतो खरा. पण तो वाळवंटातील दगडांवरूनही तसाच होईल. हजार वर्षांचा बर्फ हा येथे केवळ अर्थवाद राहिला आहे. नेपथ्याच्या पडद्यावर रंगविलेल्या पर्वतासारखा तो पाठीमागे दिसत राहतो. नटाला त्याच्यावर चढावे लागत नाही.

याहून गंभीर दोष अनुभवगुणांच्या नियमात आहे. खेळाच्या शेवटी मांत्रिकाला जे गुण मिळतात त्यांत सफल झालेल्या प्रत्येक मंत्राचे गुण असतात, व शंभर गुणांना एक पायरी या हिशेबाने तो अधिक समर्थ होतो. परिणामी गरज नसताना मंत्र म्हणणे लाभदायक होते. शत्रू दूर आहे, खजिना हाती आहे, आणि तरी मांत्रिक एका भिंतीआड उभा राहून निरर्थक मंत्र म्हणत राहतो, असा प्रसंग पाटावर सहज उद्भवतो. नाट्यदृष्ट्या हा मोठाच दोष होय. पात्राच्या कृतीमागे पात्राचा हेतू असावा, ही कोणत्याही कथात्म कलेची किमान अपेक्षा. येथे कृती मांत्रिकाची आणि हेतू मात्र हिशेबनीसाचा, अशी फारकत होते. कथेला जेथे विधीने आधार द्यावयाचा तेथे विधीच कथेला फोडतो.

४

ग्रंथाचे परीक्षण येथे थांबविले तर ते अपुरे राहील. नाटकाची संहिता आणि तिचा प्रयोग यांत जे नाते आहे तेच नियमग्रंथ आणि घरातला खेळ यांत आहे. आणि पहिला प्रयोग हा नेहमीच तालमीसारखा अडखळत होतो. जेवणाचे टेबल मोकळे केले जाते. शब्दकोशाचे खंड बुरूज होतात, औषधांची रिकामी खोकी घरे होतात, पांढरी चादर बर्फ होते. ही सजावट हौसेची वाटली तरी ती नियमांचीच मागणी आहे. धनुष्याचा पल्ला २४ इंचांचा आणि पाट ३६ इंचांचा. मध्ये आडोसा नसेल तर धनुर्धारी सारा पाट ताब्यात ठेवतील आणि मांत्रिकांना काही करण्यास उरणार नाही. नगराची भग्नता ही येथे अर्थवाद व विधी दोन्ही आहे. पडक्या भिंती आहेत म्हणून डावपेच आहेत.

घरात लघुमूर्ती मांडण्याची चाल मराठी वाचकाला अपरिचित नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करावयाचा, त्यावर अळीव पेरावयाचे, मावळे उभे करावयाचे आणि माथ्यावर शिवाजीमहाराजांची मूर्ती बसवावयाची, ही परंपरा महाराष्ट्रात घरोघर आहे. या दोन मांडण्यांतील भेद उद्बोधक आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कोणास खटकत नाही, कारण तेथे अंतर मोजावयाचे नसते. तेथे युद्धाचा निकाल लागावयाचा नसतो. तो इतिहासाने व श्रद्धेने आधीच लावलेला असतो. किल्ला हे स्मरण आहे. त्याचे सौंदर्य स्थिरतेत आहे. फेलस्टॅडची मांडणी ही उलट अनिश्चिततेसाठी आहे. संध्याकाळ संपेपर्यंत तिच्यावर कोण उभे राहील, हे ती मांडणाऱ्यालाही ठाऊक नसते. एका ठिकाणी मूर्ती अर्थ घेऊन येते. दुसऱ्या ठिकाणी तिला तो मिळवावा लागतो.

तो मिळवून देण्याचे काम फाशाकडे आहे, आणि येथे या खेळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. द्वंद्वात दोन्ही बाजू वीस पैलूंचा एकेक फासा टाकतात व त्यात आपला युद्धगुण मिळवितात. ज्याची बेरीज अधिक तो जिंकतो, आणि त्याची बेरीज प्रतिपक्षाच्या चिलखताच्या अंकाहून जितकी जास्त तितकी इजा होते. कवचधारी सरदाराचा युद्धगुण चार. आणि सर्वांत हलक्या प्रतीच्या सैनिकाचा दोन. या सैनिकाला ग्रंथात ‘ठग’ असे नाव आहे. इंग्रजीने तो शब्द आपल्याच भाषांकडून घेतलेला आहे. फाशांच्या चारशे शक्य जोड्यांपैकी २२९ जोड्यांत सरदार जिंकतो, १५३ जोड्यांत ठग जिंकतो आणि १८ जोड्यांत बरोबरी होते. म्हणजे ठगाला शेकडा अडतीसहून किंचित अधिक संधी आहे. दोन षट्कोनी फासे एकत्र टाकले असता मधल्या बेरजा वारंवार येतात व टोकाच्या क्वचित. वीस पैलूंच्या एका फाशात असा मध्याकडे कल नसतो. एक आणि वीस हे दहाइतकेच संभवनीय.

रॉजे काय्वा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांचे चार मूलतत्त्वांत वर्गीकरण केले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. स्पर्धेत खेळाडू स्वतःवर विसंबतो, दैवात तो स्वतःला सोडून देतो. म्हणून ही दोन तत्त्वे परस्परविरुद्ध होत. ‘फ्रॉस्टग्रेव्ह’वर दैव फार बलवत्तर असल्याचा आक्षेप या दृष्टीने घेता येईल, आणि केवळ स्पर्धा म्हणून पाहिले तर तो खराही आहे. ज्याला कौशल्याचे चोख माप हवे त्याने बुद्धिबळाकडेच जावे. परंतु सोंगाच्या, म्हणजे कथेच्या, दृष्टीने हेच दैव उपकारक ठरते. दुबळ्याने बलवानाला पाडणे जर शंभरात दोनदाच घडत असते तर ते चमत्कार ठरले असते. शंभरात नव्वदवेळा घडत असते तर बळाला अर्थ उरला नसता. अडतीस हे प्रमाण आशेला पुरते आणि विश्वासाला पुरत नाही. कथेतील ताण नेमका या दोहोंच्या मध्ये असतो.

५

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. पाटावर जे घडते त्याला कथेचा आस्वाद म्हणता येईल काय? अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या मार्गातील जी सात विघ्ने सांगितली त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. जो स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासलेला आहे त्याला रसास्वाद घडत नाही. खेळाडू तर जिंकण्याच्या इच्छेने ग्रासलेलाच असतो. तो नट आहे, प्रेक्षकही आहे, आणि शिवाय निकालात त्याचा स्वार्थ आहे. रसिकाला लागणारी तटस्थता त्याच्यापाशी येणार कोठून? या दृष्टीने खेळ व कला यांच्यामध्ये एक अनुल्लंघ्य रेषा आहे असेच म्हणावे लागेल, आणि पुष्कळ समीक्षक तसे म्हणतातही.

या युक्तिवादाचे बळ नाकारता येत नाही. परंतु तो खेळाच्या एका क्षणाला लागू पडतो, संपूर्ण खेळाला नव्हे. ‘फ्रॉस्टग्रेव्ह’चा प्रयोग पाटावर संपत नाही. खजिना नेला गेला, टोळ्या माघारी गेल्या, निकाल लागला. आणि त्यानंतर ग्रंथ आणखी एक विधी सांगतो. ज्या ज्या सैनिकाचे आरोग्य शून्यावर आले होते त्याच्यासाठी एकेक फासा टाकावयाचा. एक ते चार पडल्यास तो मेला; पाच ते आठ पडल्यास तो जबर जखमी असून पुढच्या खेळास मुकेल; नऊ व त्यापुढे पडल्यास तो बरा झाला. मांत्रिकाला मृत्यू केवळ एक व दोनवर. सैनिकाला त्याच्या दुप्पट.

या क्षणी जय-पराजय ठरून गेलेला असतो. दुसऱ्या आवृत्तीत ठग हा सैनिक विनामूल्य मिळतो. तो मेला तर तितकाच दुसरा फुकट भरती करता येतो. त्याला अनुभवगुण नसतात. कितीही खेळ जगला तरी त्याचा युद्धगुण दोनच राहतो. हिशेबाच्या दृष्टीने त्याच्या मरणाने कोणाचेही काही जात नाही. खेळाडूचा स्वार्थ येथे संपलेला आहे, आणि तरीही फासा टाकताना पाटाभोवती शांतता पसरते. ज्याने सरदाराला अडतीस टक्क्यांच्या आधारावर पाडले, मांत्रिक पळाला तोवर दारात उभा राहिला, त्याचा हा फासा असतो. त्याचा अंगरखा कोणीतरी चार संध्याकाळी बसून रंगविलेला असतो. फाशावर तीन पडतात. नियम म्हणतो, दुसरा घ्या. आणि घरातील माणसे त्या मूर्तीला दुसऱ्या ठगाचे नाव द्यावयास तयार होत नाहीत.

निजसुखाचे विघ्न दूर झाल्यावर उरलेली ही जी हळहळ, तिला लौकिक शोक म्हणता येत नाही, कारण येथे कोणी मेलेले नाही. आणि तिला हरण्याचे दुःखही म्हणता येत नाही, कारण त्या मरणाने काही हरलेले नाही. ती करुणाच्या जातीची आहे. तटस्थता येथे खेळाच्या आरंभी नसून शेवटी येते, एवढाच फरक. आस्वाद हा खेळण्यात नसून खेळून झाल्यावर होणाऱ्या सांगण्यात असतो. पाटावरील घटना ही सामग्री, आणि आवराआवर करताना घरातली माणसे परस्परांना जे सांगतात ती कथा.

सैनिकाला वाढ न देणे ही ग्रंथाची उणीव की संयम, हा वाद म्हणूनच साधा नाही. ‘मॉर्डहाइम’मध्ये टोळीतील भाडोत्री माणसेही अनुभव मिळवितात, त्यांच्या मरणाने खेळाडूचे ठोस नुकसान होते. वरवर पाहता त्यामुळे सैनिकाला अधिक मोल आले असे वाटेल. परंतु ते मोल भांडवलाचे आहे. तेथे हळहळ वाटते ती मुख्यतः गुंतवणूक बुडाल्याची, आणि तीत निजसुख पुन्हा शिरते. ‘फ्रॉस्टग्रेव्ह’चा ठग हिशेबात शून्य आहे. म्हणूनच त्याच्याविषयी वाटणारे सर्व काही हिशेबाबाहेरचे असते. ग्रंथकाराने हे हेतुतः केले असे म्हणण्याचे कारण नाही. मांत्रिकांच्या लोभाची गोष्ट सांगताना सैनिकांना क्षुल्लक ठेवणे त्याला सोयीचे झाले असावे. पण मांत्रिकाच्या नजरेतून पाहिलेले जग ज्या निष्ठुरतेने मांडले गेले, तिच्यामुळेच खेळाडूची नजर मांत्रिकाच्या नजरेपासून वेगळी होते. अर्थवादाने जे सांगितले नाही ते येथे विधीच्या मौनाने साधले आहे.

६

या परीक्षणाचा निष्कर्ष मर्यादित आहे. ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ हा निर्दोष ग्रंथ नव्हे. त्याची थंडी नियमांत उतरलेली नाही, आणि मंत्रांच्या गुणांचा हव्यास पात्रांना निर्हेतुक करतो. दुसऱ्या आवृत्तीने एक खजिना पाटाच्या ऐन मध्यावर ठेवून टोळ्यांना समोरासमोर आणण्याची व्यवस्था केली, ही सुधारणा योग्यच होती. अनुभवगुणांच्या मुळाशी मात्र तिने हात घातला नाही. नियमग्रंथाला वाङ्मय म्हणावे, असा आग्रहही येथे धरावयाचा नाही. संहितेला एकटीला नाटक म्हणता येत नाही, तसे विधींच्या या संग्रहाला कथा म्हणता येणार नाही.

तथापि कथा कोठून उत्पन्न होते, या प्रश्नाचा विचार करणाऱ्याला असा ग्रंथ पुष्कळ शिकवू शकतो. कथेला लेखकाची योजना लागते, असे धरून चालण्याची वाङ्मयाभ्यासाची सवय आहे. येथे योजना नाही. फासा आहे, मोजपट्टी आहे, आणि तीन फुटांच्या पाटाभोवती बसलेली माणसे आहेत. तरीही खेळ आवरल्यावर रंगविलेली एक मूर्ती डब्यात इतरांपासून वेगळी ठेवली जाते. तिला वेगळी ठेवण्यास सांगणारा नियम ग्रंथात कोठेही नाही.